अक्काचं कोयनेल

अक्का गेल्याची बातमी मला कुणी आणून दिली नाही. मी तिच्या उशाशीच होतो. उलट ती बातमी तेलगावला, तिच्या माहेरी, पोचवण्याचं काम माझ्याच वाट्याला आलं. तिच्या सासरच्या गावाहून, युसूफ-वडगावाहून, बैलगाडीत दीड दिवस हाडं खिळखिळी करून घेत तिथं पोचलो, तर चुलतभावानं पाण्याचा तांब्या पुढं करत एवढंच विचारलं, "कावून गेली?" मी म्हणालो, "तापानं." त्यानं मान हलवली आणि विषय संपला. आमच्याकडे भादवा-अश्विनात माणूस तापानं गेला म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही... दरसालचंच आहे ते. पण माझं उत्तर अर्धंच होतं. तिला जाऊन आज पाच आठवडे झाले. मास्तरकीतून मोकळा झालेला म्हातारा माणूस मी, लिहायला बसलो की पाठ धरते, दोन ओळी झाल्या की टाक खाली ठेवावासा वाटतो. तरी उरलेलं अर्धं सांगून टाकतो, म्हणजे मी सुटलो.

तिचं नाव गयाबाई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन हिंडलेली, म्हणून शेवटपर्यंत मला "दत्तू" म्हणायची, माझ्या विद्यार्थ्यांसमोरसुद्धा. अकराव्या वर्षी लग्न होऊन वडगावला गेली. दाजींचं घर खाऊनपिऊन सुखी. जमीन काळीभोर, गोठा भरलेला, आणि दोन्ही वेळा पंगतीला अकरा माणसं. सासू लवकर गेली आणि विशीच्या आतच पळी अक्काच्या हातात आली. दाजींचा सगळ्यांत धाकटा भाऊ सोपान तेव्हा चार वर्षांचा होता. अक्काला पोटचं मूल झालं नाही. सोपानच तिचा पदर धरून वाढला, आणि तो तिला वहिनी न म्हणता "आये" म्हणायचा. मी सुट्टीत जायचो तेव्हा तो आडदांड पोरगा मिसरूड फुटल्यावरही तिच्या मागं मागं हिंडताना दिसायचा, आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडा हेवा वाटायचा.

त्या घराचा एक नियम होता: घरात आलेली वस्तू एकट्याच्या तोंडात जायची नाही. एक तीळ सात जणांनी वाटून खावा असं आपण म्हणतो. अक्का तो अकरा जणांत वाटायची, आणि कुणाला कमी पडला असं कधी झालं नाही. बाजारातून एक पेरू आला तरी त्याच्या फोडी व्हायच्या, गडीमाणसाचा वाटा बाजूला निघायचा, मग बाकीच्यांचं. दुसरी तिची ख्याती म्हणजे बियाणं. खळ्यावर ज्वारी आली की मळणीच्या आधी ती एकटी बसून कणसं निवडायची. ज्या ताटावर रोग पडला होता, ज्यानं पावसाची ओढ सोसली नव्हती, त्याचं कणीस ती बाजूला टाकायची. जे सगळं सोसून भरलं, ते पुढच्या सालच्या पेरणीला. तिनं निवडलेल्या कणसांच्या जुड्या आढ्याला टांगलेल्या असायच्या आणि आसपासचे चार शेतकरी बियाणं मागायला यायचे. दाजी मिशीला पीळ देत म्हणायचे, आमची शेती बाई करती, आमी नुसते फेटे बांधतो.

तर या घरात ताप यायचा. पोळा झाला, नाल्यात पाणी साचलं, की एकेक जण हुडहुडी भरून वाकळेखाली शिरायचा. एक दिवस ताप, एक दिवस बरा, पुन्हा एक दिवस ताप. आमच्याकडे त्याला पाळीचा ताप म्हणतात. पूर्वी लोक कडुनिंबाचा काढा प्यायचे, दंडाला दोरा बांधायचे, नशीब असेल तो उठायचा. मग तालुक्याला सरकारी दवाखाना झाला आणि कोयनेल, म्हणजे क्विनीन, मिळायला लागलं. सहा-सात कोस जायचं, घरची बाटली न्यायची, कंपाउंडर तीत औषध भरून बाहेरून खाचांची कागदी पट्टी चिकटवून द्यायचा. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. ते ज्याच्या नावाचं त्यानंच घ्यायचं, रोज घ्यायचं, ताप गेला तरी बाटली संपेपर्यंत घ्यायचं, असं तो सांगायचा.

आणि इथंच अक्काचं चुकलं. अक्काचं म्हणजे त्या सगळ्या गावाचंच, पण तिनं ते कायम आपल्या एकटीच्या नावावर घेतलं. घरात चार जण तापानं पडलेले आणि औषध एकट्यानं प्यायचं, हे तिच्या बुद्धीला पटेना. औषध आलं की ती ओसरीवर सगळ्यांना ओळीनं बसवायची आणि पळीनं वाढायची. आजाऱ्याला पळीभर, ज्याला ताप नाही त्यालाही अर्धी, कारण त्याला तरी का वगळायचं? बाटली पुरली नाही तर ताकात घालतात तसं त्यात पाणी घालायची. त्यावर दाजींचा आणखी एक नियम. औषध फक्त पाळीच्या दिवशी द्यायचं. मधल्या दिवशी ताप घरात नसतो, मग पाहुणा दारात नसताना ताट कावून वाढायचं? उरलेलं कोयनेल कोनाड्यात जायचं आणि पुढच्या सालाला कामाला यायचं. मी त्या ओळीत बसून ते कडूजहर औषध प्यालोय, तोंड वाकडं करून हसलोय. मास्तर असून एका शब्दानं तिला हटकलं नाही. मलाही ते चांगलंच वाटत होतं, कुणी उपाशी राहत नव्हतं ना.

पहिल्या एक-दोन सालांत जादू झाल्यासारखं झालं. दोन पळ्यांत ताप उतरायचा. मग तीन लागायला लागल्या, मग पाच. मग असं व्हायला लागलं की ताप उतरायचा खरा, पण पंधरा दिवसांनी तोच माणूस पुन्हा वाकळेखाली. गावात लोक म्हणायला लागले, सरकार औषधात भेसळ करतंय, कोयनेल पहिल्यासारखं कडू राहिलं नाही. सोपानला तर दरसाल ताप येत होता, आणि दर खेपेला तो आधीपेक्षा जास्त दिवस मुक्काम करत होता. तरी पोरगा दणकट. बावीस वर्षांचा झाला, लग्न झालं, रुक्मिण घरात आली. रुक्मिण अठराएक वर्षांची असेल, अबोल, कामाला वाघीण. ती पाच महिन्यांची गरोदर असताना सोपानला पुन्हा ताप आला, आणि या खेपेला घरचं काहीच चालेना. मी तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत तिथंच होतो. दाजींनी गाडी जुंपली आणि अक्का, मी आणि सोपान असे दवाखान्यात गेलो.

डॉक्टर हैदराबादेकडचे, तरुण, फार अदबशीर माणूस. त्यांनी सोपानला तिथंच ठेवून घेतलं, पुरं औषध स्वतःच्या हातानं पाजलं, सकाळ-संध्याकाळ. चार दिवस पाजलं. ताप हलेना. सोपान वातात बडबडायला लागला, बैलांना हाका मारायचा, मधेच "आये, भाकर आण" म्हणायचा. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला. अक्का रडली नाही. ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिला एकच माहीत करून घ्यायचं होतं. जे औषध पूर्वी दोन पळ्यांत काम करायचं, ते आता पुरं देऊनही का करत नाही? डॉक्टर उर्दूत बोलत होते, मी मराठीत सांगत होतो. त्यांनी आधी घरात औषध कसं घेता ते विचारलं. अक्कानं काही न लपवता सांगितलं, वाटून देते ते, पाणी घालते ते, पाळीचा दिवस, कोनाडा, सगळं. 

मग ते म्हणाले की ताप म्हणजे रक्तातले बारीक जंतू असतात. सगळे सारख्या ताकदीचे नसतात. पुरं औषध पुरे दिवस दिलं तर लहानमोठे सगळे मरतात. अर्धं दिलं तर कमजोर तेवढे मरतात, आणि ज्यांनी ते कडू सोसलं ते मागं उरतात. त्यांचीच पिलावळ वाढते, डास तीच पिलावळ या घरातून त्या घरात नेतात, आणि पुढच्या खेपेला औषधापुढं उभी राहते तीही त्यांचीच. हे सांगून त्यांनी लगेच असंही म्हटलं की बाई, मी खात्रीनं सांगत नाही. नवा ताप नव्यानंही लागला असेल, तो मुळातच भयंकर जातीचा असेल. परदेशांतल्या डॉक्टरांना असा संशय आलाय, एवढंच मी वाचलंय. मी शब्दन् शब्द सांगितला. अक्कानं त्यातला स्वतःवर ठपका येणारा भाग तेवढा उचलला, बाकीचा ऐकलाच नाही.

"म्हंजी मी बियाणं निवडलं," ती म्हणाली. "खळ्यावर जसं निवडते तसंच. जे सोसून उरलं तेच फुडं पेरलं... दरसाल, माझ्या हातानं."

मी हे डॉक्टरांना उर्दूत सांगितलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मला आजही वाटतं, मी दोन-चार वाक्यं गाळायला हवी होती. दुभाष्यानं खरं बोलावं की दया करावी, हे मला कोणत्या पुस्तकात सापडलं नाही. आणि एक कबूल करतो. त्या दिवसापासून मीही मनातल्या मनात तिलाच दोष देत आलो. तोंडानं कधी म्हणालो नाही, पण आपली बहीण अडाणी, तिच्या अडाणीपणानं एक तरणाबांड जीव गेला, असं मला वाटायचं. शिकलेल्या माणसाला असं वाटायला काही खर्च येत नाही.

बाराव्या दिवशी अक्कानं रुक्मिणीला समोर बसवून सगळं सांगितलं. दाजी नको नको म्हणत होते. रुक्मिण ऐकून उठून गेली. पुढं वर्षभर ती अक्काच्या हातचं वाढलेलं जेवली नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही, त्याच चुलीवर दोघी रांधायच्या, पण स्वतःचं ताट ती स्वतः वाढून घ्यायची. सोपानचा मुलगा विष्णू जन्मला, रांगायला लागला, आणि मग एके दिवशी रुक्मिणीनं आपलं ताट अक्कासमोर सरकवलं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि अक्कानं विचारलं नाही. मधल्या काळात दाजींनी अक्काला कपिलधारच्या तीर्थाला पाठवलं, धारेखाली उभी राहा, मन हलकं होईल म्हणून. ती गेली, धारेखाली उभी राहिली, आणि येताना हुडहुडी घेऊन आली. दाजी कपाळाला हात लावून बसले. त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या वाईट दिवसांतही आम्ही सगळे हसलो होतो.

त्यानंतरची अठ्ठावीस वर्षं अक्कानं सगळं वाटलं, औषध सोडून. गावात कुणाच्या घरी कोयनेल आलं की ही तिथं हजर. ज्याच्या नावाचं त्यालाच द्या, पाणी घालू नका, ताप उतरला तरी थांबू नका. लोकांना तो जाच वाटायचा. ज्या बाईनं कधी कुणाला विन्मुख पाठवलं नाही ती आता आजारी सासऱ्याचं औषध सुनेला घेऊ देत नाही, म्हातारी झाली तशी आतड्यानं कोरडी झाली, असं बायका पाणवठ्यावर बोलायच्या. कुणी दार लावून घ्यायचं. तिनं गावातला ताप कमी केला असं मी म्हणणार नाही. डास काही तिला विचारून येत नव्हते. पण ती थकली नाही. मी मात्र तिचं बघून बघूनच थकून जायचो. दाजी गेले, मी बीडला म्हातारा झालो, आणि दर दिवाळीला गेलो की तिचं तेच चाललेलं असायचं.

मग ही जगभरची लढाई आली. कोयनेल ज्या बेटांवरून यायचं ती बेटंच शत्रूच्या हाती गेली, असं पेपरात आलं. दवाखान्यांत कपाटं रिकामी झाली. यंदा भादव्यात विष्णूचं कार्ड आलं, मोठ्या आईला ताप आहे, उतरत नाही, या. मी बीडभर हिंडलो. माझा एक जुना विद्यार्थी कंपाउंडर आहे, त्यानं कुठून कुठून जमवून एका माणसाला सात दिवस पुरतील एवढ्या गोळ्या पत्र्याच्या डबीत घालून दिल्या. दिवसाला दोन, एकूण चौदा. ती डबी छातीशी धरून मी वडगावला पोचलो, तर अक्काच्या खाटेशेजारी दुसरी खाट. रुक्मिणही तापानं फणफणलेली. दुष्काळात तेरावा महिना.

अक्कानं डबी हातात घेतली आणि किती जणांचं आहे ते विचारलं. एकाचं, असं मी सांगितल्यावर तिनं ती सरळ रुक्मिणीच्या उशाशी ठेवली. मी म्हणालो, निम्मं निम्मं करू, पुढं आणखी आणतो. माझ्या तोंडून हे गेलं खरं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तूच सांगितलतंस ना रे मला, त्या डाक्तराचं बोलणं?" ती म्हणाली. "अर्ध्यानं मी बी जाईन, ती बी जाईल, आन् मागं राह्यलेला ताप पोरासोरांच्या बोकांडी बसंल. एकीलाच पुरं. सोपानाला पुरं मिळालं न्हाई, त्याच्या बायकूला मिळू दे."

रुक्मिण नको म्हणत होती. तिचं कुणी ऐकलं नाही. दोन दिवस मी गप्प बसलो. रुक्मिणीचा ताप उतरायला लागला आणि अक्काचा चढत चालला. तिचा हात हातात घेतला की सालटासारखा लागायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी विष्णू शेतात गेलेला, रुक्मिण भिंतीकडं तोंड करून पडलेली, आणि तिच्या उशाशी ती डबी. झाकण उघडंच होतं. मी, ज्यानं डॉक्टरांचा शब्दन् शब्द मराठीत सांगितला होता, मी एक गोळी उचलली. स्वयंपाकघरात जाऊन खलात कुटली, पेलाभर दुधात घातली, गुळाचा मोठा खडा विरघळवला.  मला एवढंच कळत होतं की माझी बहीण चाललीय आणि औषध घरात आहे. एक गोळी, एकच... चौदातल्या तेरा तिला मिळतीलच की. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ओसरीवर पळी घेऊन बसलेल्या बाईला काय वाटत असेल ते मला त्या खलासमोर कळलं. तो अडाणीपणा नव्हता हो. समोरचा माणूस तळमळत असला की हात आपोआप वाटायला लागतो.

अक्कानं एक घोट घेतला. कडू कधी गुळानं लपलंय? तिनं तो तोंडात तसाच धरला, मग गिळला. रागावली नाही. थोडा वेळ डोळे मिटून पडली, मग पेला माझ्याकडे परत केला.

"उरलेलं तिला नेऊन दे, दत्तू," ती म्हणाली. "म्या बघत असताना."

मी पेला घेऊन तीन पावलं चाललो. एवढं लांब मी आयुष्यात चाललो नसेन. रुक्मिणीनं उठून बसून दूध पिऊन टाकलं, माझ्याकडे न बघता. ती तिची त्या संध्याकाळची गोळी धरली. त्यानंतर अक्कानं डबी आपल्या उशीखाली ठेवली. सकाळ-संध्याकाळ स्वतः कोपरावर उठून एकेक गोळी काढायची, रुक्मिणीला द्यायची आणि ती गिळेपर्यंत नजर काढायची नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी गोळी देताना तिच्या हातून डबी निसटली. सातव्या दिवशी पहाटे ती गेली. दोन गोळ्या राहिल्या होत्या. घरात रडारड, दारात माणसं जमलेली, बायका अक्काला न्हाऊ घालायच्या तयारीत. रुक्मिण पुढं झाली, उशीखालून डबी काढली आणि सगळ्यांदेखत अक्काच्या तोंडाकडे बघत एक गोळी पाण्यासोबत गिळली. एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, काय बाई, मढं दारात आन् हिला औषध सुचतंय. रुक्मिणीनं तिकडं लक्ष दिलं नाही. दुसरी गोळी तिनं संध्याकाळी, आम्ही नदीवरून परत आल्यावर घेतली.

तेरावा झाला. मी निघालो तेव्हा रुक्मिण गाडीपर्यंत आली. अठ्ठावीस वर्षांत ती माझ्याशी पंधरा वाक्यं बोलली नसेल. बैल जुंपून होईपर्यंत ती चाकाजवळ उभी राहिली आणि मग खाली बघत म्हणाली, "दादा, त्या दिशी डबी मीच उघडी ठेवलती. मी झोपले नव्हते."

मी गाडीतून तिच्याकडे वाकलो.

"मला वाटलं, तुमी चार-पाच तरी घ्याल," ती म्हणाली. "तुमी एकच घेतली... आन् ती बी त्यांनी मलाच पाजली."

मग ती रडली, सोपान गेला तेव्हासुद्धा मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी गाडीतून उतरलो आणि तिच्याजवळ तसाच उभा राहिलो. गाडीवानानं बैल पुन्हा सोडले.

परवा विष्णूचं कार्ड आलं. आईला पुन्हा ताप आला नाही, असं लिहिलंय. खाली एक ओळ रुक्मिणीनं सांगून लिहवलेली आहे: डबी रिकामी आहे, पण मी ती घासून मोठ्या बाईंच्या खाटेखाली ठेवली, कुणाला हात लावू देत नाही.